चाळीस मशीन, एकच पत्ता

ज्या रविवारी वहिदा शेख लोह्याला मावसबहिणीच्या घरच्या लग्नात होती, त्याच रविवारी लातुरात तिच्या लॅबमधल्या चाळीस कॉम्प्युटरांवरची जुनी विंडोज पुसून नवी टाकली गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं, साधा फोनही केला नव्हता. सोमवारी सकाळी साडेसातला तिनं लॅबचं कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या आणि आत पाऊल टाकताच तिच्या नाकात गुटख्याचा वास शिरला. सहा नंबरच्या टेबलाखाली समोशाचा तेलकट कागद चुरगाळून पडला होता. चटणीच्या बोटांनीच कुणीतरी कीबोर्ड वापरला होता, कारण एंटरचं बटण बोटाला चिकटलं. वहिदानं बोट रुमालाला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि शेवटी बाहेरच्या नळावर जाऊन साबणानं धुतलं.

तिला किळस पटकन यायची आणि ती लपवताही यायची नाही. पोरं टेबलाखाली च्युइंगम चिकटवायची, ते ती पट्टीनं खरवडून काढायची तेव्हा तोंड वाकडं व्हायचं. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांकडे बघायला लागू नये म्हणून ती तीन मजले भिंतीकडे तोंड करून चढायची. पण वस्तूंच्या घाणीपेक्षा माणसांच्या खोटेपणाची तिला जास्त किळस होती, आणि लातूरच्या ट्यूशन एरियात ती किळस रोज वाट्याला यायची. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फलकांवर एकच पोरगा तीन क्लासांत पहिला आलेला दिसे, तीन वेगळे शर्ट घालून. शर्ट तरी कशाला बदलायला लावतात, असं तिच्या मनात यायचं.

बसवराज सरांच्या क्लासात ती सहा वर्षं लॅब सांभाळत होती. अहमदपूर, उदगीर, परभणी, कुठून कुठून पोरं इथं येऊन खोल्या करून राहायची आणि प्रवेश परीक्षांचा सराव कॉम्प्युटरवर करायची. प्रश्नपत्रिका कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनवर असत, त्याला सर्व्हर म्हणत. बाकीची चाळीस मशीन तारांनी त्याला जोडलेली. ही जोडणी वहिदानं स्वतःच्या हातानं केली होती आणि कोणत्या मशीनला काय दिलंय ते एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं.

त्या एप्रिलपासून जुन्या विंडोजला कंपनीनं दुरुस्त्या देणं थांबवलं होतं. ती बदलावी लागेल हे वहिदाच चार महिने सरांना सांगत होती. रोज पाच मशीन घेऊ, चालवून बघू, मग पुढची पाच, असा तिचा बेत होता. सरांनी मान हलवली आणि नांदेडच्या वकारला बोलावलं. वकारच्या गाडीवर त्याच्या फर्मचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याच्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्रं लटकत. वहिदाकडे एक स्क्रूड्रायव्हर आणि ती वही होती.

तिनं एक नंबरचं मशीन चालू केलं. नवी निळी खिडकी उघडली, सर्व्हर दिसला, प्रश्नपत्रिका उघडली. तिला हायसं वाटलं. मग तिनं दोन नंबर लावलं. खालच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चित्रावर पिवळा त्रिकोण आला आणि सर्व्हर दिसेना. तीनलाही तेच, चारलाही तेच. नऊ वाजता पालक येणार होते. नव्या बॅचचे पालक पोरांच्या मागे उभे राहून पहिली सराव परीक्षा बघणार, असा कार्यक्रम सरांनी पेपरात छापून आणला होता.

तिनं सरांना फोन लावला.

"सर, रविवारी कोण येऊन गेलं हितं?"

"वकार. तुम्हाला सांगायचं राहिलं. बरं झालं ना नवं?"

"नेटवर्क न्हाई सर. एक मशीन चालतंय, बाकीची न्हाईत."

"मग त्याला विचारा. तुमच्यातलाच आहे तो, तुमचं जमेल."

वहिदानं फोन खाली ठेवला. तुमच्यातला म्हणजे कुणातला, हे विचारायची तिला सवय राहिली नव्हती.

ती औसा तालुक्यातल्या, किल्लारीपासून जवळच्या एका गावची. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अब्बा आठवडी बाजारात रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचे. त्या दिवसांत कामं साचली होती म्हणून ते घराबाहेरच्या पत्र्याच्या छपरीत, रेडिओंच्या ढिगाशेजारी निजायचे, आणि वहिदा हट्टानं त्यांच्यापाशी. आई आणि धाकटा भाऊ आत दगडी घरात होते. पत्रा पडला तो तिच्या पायावर पडला. दगड-माती पडली ती त्या दोघांवर.

त्यानंतरचं तिला जास्त आठवायचं. गावात ट्रक यायचे आणि जुन्या कपड्यांचे ढीग ओतून जायचे. त्यांत उंच टाचांच्या चपला असत, घामाचे डाग पडलेले कोट असत, फाटक्या परकरांची बोचकी असत. ते ढीग उन्हात आंबायचे. मग कॅमेरेवाले यायचे. एकानं तिला आईच्या तुटक्या बांगडीचा तुकडा हातात धरून बसायला सांगितलं. तो तुकडा आईचा नव्हताच, त्यानंच कुठून तरी उचलला होता. ती बसली, कारण अब्बा दूर होते आणि माणूस मोठा होता. फोटो निघाल्यावर तिला ओकारी झाली. पुढं एका संस्थेनं पत्र्याच्या शेडमध्ये मुलींसाठी शिवणवर्ग काढला, तेव्हा ती शिवणाकडे न जाता अब्बांच्या बाकड्यावर जाऊन बसली आणि तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकली. तिथून आयटीआय, तिथून लातूर. भूकंपाचं ती कुणाला आपणहून सांगत नसे. सरांना नोकरीच्या अर्जावरून कळलं होतं.

नऊला पालक आले. पोरं खुर्च्यांवर बसली, आईबाप मागे उभे राहिले. एक नंबरच्या मशीनवरची मुलगी भराभर प्रश्न सोडवायला लागली आणि बाकीची एकोणचाळीस पोरं कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. एक बाप म्हणाला, "अहो, आमच्यावालं चालूच होईना की." बसवराज सर पांढऱ्या शर्टात दारात उभे होते. त्यांनी वकारला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो स्पीकरवर टाकला.

वकारचा आवाज एकदम खात्रीचा होता. "सर, काल आम्ही चालू करून दिलं होतं. एक मशीन चालतंय ना? मंग विंडोज बरोबर हाय. तारा बाद झाल्यात. फरशीवरून तारा गेल्यात, पाणी गेलं असंल. सगळी केबल नवी वढावी लागतीय."

सरांनी फोन बंद केला आणि लॅबभर नजर फिरवली. दाराशी सरजाबाई फडकं घेऊन उभी होती. साठीला आलेली बाई, बौद्धनगरात राहायची, क्लास सुरू झाल्यापासून झाडलोट तिच्याकडे. तिचा पाण्याचा पेला जिन्याखाली वेगळा ठेवलेला असे, आणि तो वेगळा का, हे त्या इमारतीत कुणी कधी बोलून दाखवत नसे.

"बघा मंडळी," सर पालकांना म्हणाले, "आपण लाखांची यंत्रणा उभी करतो आणि एक बाई बादलीभर पाणी ओतून ती बंद पाडते. चार वाजता परीक्षा होईल, माझा शब्द आहे. सरजाबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"म्या पानी वतलं न्हाई सर," सरजाबाई म्हणाली. "वल्या फडक्यानं बी पुसत न्हाई म्या हितं. वहिदाबाईनं सांगितल्यापासनं कोरडंच पुसते."

"बरं, बरं. नंतर बोलू."

पालक बाजूला झाले, सरजाबाईकडे बघत. एका बाईनं साडीचा पदर आवरून घेतला. वहिदाला तिथंच बोलायचं होतं, पण तारा खरोखर भिजल्या नाहीत हे दाखवल्याशिवाय तिच्या बोलण्याला कुणी विचारणार नव्हतं.

लॅब रिकामी झाल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चाळीस तारा जिथं येऊन मिळतात त्या पेटीवर, स्विचवर, प्रत्येक तारेचा छोटा दिवा असतो. तार मेली तर दिवा पेटत नाही. तेहतीस दिवे हिरवे होते, सात विझलेले. म्हणजे निदान तेहतीस तारा जिवंत होत्या. तिनं एक नंबरची चालणारी तार काढून नऊ नंबरला लावली. नऊला त्रिकोण तसाच. नऊची, बिघडलेली म्हणून सांगितलेली तार एकला लावली, तर एक धडधडीत चालू. म्हणजे दोष तारेचा नव्हता. तिनं फरशीवर गुडघे टेकून तारा हातानं चाचपल्या. धूळसुद्धा कोरडी होती.

दाराशी खाकरण्याचा आवाज आला. सरजाबाई गेली नव्हती, डबा घ्यायला थांबली होती.

"बसा मावशी. काल तुम्ही होता का हितं?"

"व्हते की. चावी माझ्यापाशीच दिली व्हती."

"काय केलं त्या लोकांनी?"

सरजाबाईनं आठवून सांगितलं. "तिघं व्हते. पैल्या मशीनपाशी दोन तास बसले. मग त्येच्यातलं एक डबडं काढलं, अन् त्येच डबडं हर मशीनला लावत गेले. एका पातेल्यात शिजवायचं अन् सगळ्यांच्या ताटात वाढायचं, तसं. मला म्हनले, मावशी, च्या आना. चार डाव च्या आनला. शेवटचं झालं की उठून गेले. चालू करून बी बगितलं न्हाई."

वहिदा उभी राहिली. म्हणजे एक मशीन तयार करून त्याची जशीच्या तशी नक्कल एकोणचाळीस ठिकाणी उतरवली होती. तिनं एक नंबरचं मशीन पूर्ण बंद केलं आणि नऊ नंबर बंद करून पुन्हा लावलं. त्रिकोण आला नाही. सर्व्हर दिसला. मग तिनं एक पुन्हा लावलं, आणि आता त्रिकोण एकवर आला. यावेळी लॅबमध्ये गडबड नव्हती म्हणून तिला पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटलेली इंग्रजी सूचना वाचता आली: हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरत आहे. सकाळी पोरांनी ती न वाचताच मिटवली असणार, आणि तिनंही धावपळीत.

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आपला आकडी पत्ता, आयपी, लागतो. निळ्या वहीत ते चाळीसही लिहिलेले होते, अकरापासून पन्नासपर्यंत. वकारच्या माणसांनी एक नंबरला अकरा दिला आणि नक्कल करताना तोच अकरा सगळ्यांना चिकटला. जो आधी जागा होईल तो पत्ता धरायचा, बाकीचे दाराबाहेर. एवढंच होतं. पाच मिनिटांत कळलं असतं, कुणी एक मशीन सोडून दुसरं लावून बघितलं असतं तर. त्या निष्काळजीपणाचा तिला इतका तिटकारा आला की क्षणभर हात कीबोर्डावर ठेवावेसे वाटेनात.

मग तिनं एकेका मशीनपाशी बसून वहीतला पत्ता घातला. सरजाबाई आकडे वाचून दाखवायला बसली. साक्षरता वर्गात शिकलेले आकडे ती सावकाश, बोट ठेवून वाचायची, पण एकही चुकली नाही. एक वाजेपर्यंत तेहतीस मशीन उभी राहिली.

उरलेली सात जुनी होती. त्यांच्या बोर्डातला नेटवर्कचा भाग नवी विंडोज ओळखतच नव्हती, म्हणून त्यांचे दिवेही विझलेले. नवी विंडोज टाकताना त्यासाठीचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख करून देणारी छोटी फाइल, वेगळी द्यावी लागते. ती इंटरनेटवरून घ्यावी लागते आणि त्या मशीनला इंटरनेटच नसतं. वहिदानं चालू मशीनवरून फाइल पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतली आणि सातांना एकेक करून दिली. दोन ठिकाणी चुकीची फाइल गेली, ती काढून दुसरी टाकली. पावणेतीनला चाळीस हिरवे दिवे लागले. सरजाबाईनं डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं केली आणि दोघींनी जिन्यात बसून खाल्ली.

तिनं वकारला फोन केला.

"वकारभाई, केबल ठीक हाय. चाळीस मशीनला एकच आयपी दिला तुमच्या पोरांनी."

त्यानं लगेच बहिणीचं नातं जोडलं. "हां बाजी, राहिलं असंल ते. घाईत होते. पण सरांना काय बोलू नका. केबलचं काम ठरलंय आमचं. तुमचं पण बघतो मी."

"माझं काय बघता?"

"समजून घ्या ना बाजी."

तिनं फोन बंद केला आणि ज्या कानाला तो लावला होता तो कान पुसला.

बसवराज सरांना तिनं त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, वही समोर ठेवून. सरांनी ऐकलं. ते मूर्ख नव्हते, त्यांना लगेच कळलं.

"छान. चालू झालं ना, विषय संपला."

"सरजाबाईंचं काय?"

"ते आता राहू द्या. पालकांना सकाळी एक सांगितलंय, आता दुसरं कसं सांगायचं? लोक म्हणतील, यांना काही कळतच नाही. तिला मी दुसरीकडे कुठंतरी लावून देतो. तुम्ही फक्त एक करा. दोन ओळी लिहून द्या, की तारांत पाणी गेल्यानं बिघाड झाला. वकारच्या कामाला आधार राहील."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. वरच्या कोपऱ्यात क्लासचा शिक्का, खाली पेन. वहिदानं कागदाकडे बघितलं. सर अगदी सहज बोलत होते, चहा मागवावा तसे. त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात घाण वाटलं. ती कागदाला हात न लावता उठली.

चारला पालक पुन्हा जमले. पोरं बसली, चाळीसही पडदे उजळले. सरांनी माइक घेतला.

"मंडळी, शब्द दिला होता, पाळला. आणि हे कुणी केलं, माहीत आहे? या आमच्या वहिदा मॅडम. किल्लारीच्या भूकंपात यांचं सगळं कुटुंब गेलं. आई, वडील, भाऊ. अनाथ पोर. आम्ही त्यांना आधार दिला, घडवलं. आपल्या मुलांनाही असंच घडवू."

टाळ्या पडल्या. एका बाईनं डोळे टिपले. वहिदा सर्व्हरपाशी उभी होती. अब्बा त्या वेळी घरी शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसले असणार. सरांनी त्यांना एका वाक्यात मारून टाकलं होतं, भाषण जमावं म्हणून. सरांनी गुलाबाचं फूल आणि माइक तिच्यापुढं धरला. फूल तिनं टेबलावर ठेवलं.

"माझे अब्बा जिवंत हाइत," ती म्हणाली. माइक असल्यानं ते सगळ्यांपर्यंत गेलं. "लातुरातच राहतात. दुसरं, सकाळी तुम्हाला सांगितलं की पाण्यानं तारा बिघडल्या. तारा कोरड्या हाइत, आताही हात लावून बघा. एका गल्लीत चाळीस घरांना एकच घरनंबर दिला तर टपाल कुणाला जाईल? तसं झालं होतं. काल ज्यांनी नवी विंडोज टाकली त्यांची चूक. सरजाबाई हितं कोरड्या फडक्यानं पुसतात. त्यांचा ह्यात काही संबंध न्हाई. परीक्षा सुरू करा पोरांनो, वेळ चाललाय."

तिनं माइक ठेवला. लॅबमध्ये पोरांच्या बोटांचा आवाज सुरू झाला. बसवराज सर हसत उभे होते, पण मान लालसर झाली होती. एका माणसानं वाकून खरंच तारेला हात लावून बघितला आणि बायकोकडे बघून मान हलवली. परीक्षा दीड तास चालली, एकही मशीन अडखळलं नाही. वहिदा शेवटपर्यंत थांबली, निकाल सर्व्हरवर जमा झाल्याचं बघितलं, निळी वही सरांच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या शिपायानं फोन करून तिला येऊ नका म्हणून सांगितलं. सरांनी स्वतः केला नाही. पंधरवड्यानं ती त्या गल्लीतून गेली तेव्हा कचराकुंडीपाशी चांगल्या तारांची गुंडाळी पडलेली होती. वकारनं नवी केबल ओढली होती. तिनं घरी येऊन अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उचलून आणायची होतीस की, तांबं असतं आत." तिला ते पटलं, पण त्या कुंडीत हात घालायची तिची तयारी नव्हती.

सरजाबाईला सरांनी कुठं लावून दिलं नाही. त्या दिवशी पालकांबरोबर उमादेवी नावाची बाई आली होती, तिचं मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथली एक मुलगी त्या बॅचमध्ये होती. तिनं आठवड्यानं सरजाबाईला शोधून काढून भाकऱ्या थापायला ठेवलं. सरजाबाई सांगायची, हितंबी मालकीन तोंडाळच हाय, पन पेला सगळ्यांसंगं मांडून ठिवते.

वहिदानं नांदेड रोडला एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. सुरुवातीला कामं रडतखडत आली. मग एकेका क्लासवाल्याची मशीन नव्या विंडोजनं आंधळी व्हायला लागली, आणि तिचं नाव तोंडोतोंडी फिरलं. ज्यांच्याकडे ती जायची तिथंही च्युइंगम असायचं, फलकांवरची पोरं असायची. ती हातमोजे घालून काम करायची.

वर्षानं उमादेवीनं वसतिगृहाच्या इंटरनेटसाठी तिला बोलावलं. काम झाल्यावर चहा देताना तिनं विचारलं, "बाई, तुम्ही सहा वर्षं काढली तिथं. खरं सांगा, पुतण्याला बसवराज सरांकडे घालू का? शिकवतात कसं?"

गेल्या वर्षभरात वहिदानं त्या माणसाबद्दल मनात बरंच साठवलं होतं. पण प्रश्न शिकवण्याचा होता, आणि ती लॅबच्या काचेतून रोज त्यांचा तास बघत आली होती.

"गणित चांगलं शिकवतात," ती म्हणाली. "लई चांगलं."

उमादेवीनं पुतण्याला तिथंच घातलं. वहिदानं चहा अर्धा ठेवला, पिशवी उचलली आणि पुढच्या कामाला गेली.